रिपोर्ट बदलून काय बदलणार?

नाशिक जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

‘माझी मुलगी १९ वर्षांची आहे, पाच हजार मीटर पळते. राज्य स्पर्धांत पदकं आहेत आणि यंदा पहिल्यांदाच राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली. वैद्यकीय तपासणी सक्तीची म्हणून तालुक्याच्या गावी ईसीजी काढला, तर कागदावर “अ‍ॅबनॉर्मल” छापून आलं. फिजिशियन म्हणाले, नाडी ४४ आहे, हृदयाचा डावा कप्पा जाड वाटतो आणि छातीवरच्या व्ही-४ ते व्ही-६ या तारांमध्ये टी लहरी (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाच्या) उलट्या आहेत. टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत पळणं बंद. तिचे सर म्हणतात, लांब पल्ल्याच्या सगळ्याच पोरांचे ईसीजी असे येतात, डॉक्टरांना खेळाडूंचं कळत नाही. मेहुणे म्हणतात, ओळखीच्या लॅबमधून नॉर्मल ईसीजी घेऊ आणि हा फाडून टाकू. आमच्या घरात कुणालाही हृदयविकार नाही, फॉर्मवरही तसंच लिहिलं आहे. मुलीला अजून काही सांगितलं नाही, “मशीन खराब होतं” एवढंच म्हणालो. गेल्या हिवाळ्यात एका शर्यतीत तिला चक्कर आली होती, पण त्या दिवशी ती उपाशीपोटी धावली होती. शिबिर तीन आठवड्यांवर आलं आहे. ते हुकलं तर खेळाडू कोट्यातली नोकरीही हुकेल. मी जरा जास्तच घाबरतो, कारण माझा धाकटा भाऊ २६व्या वर्षी विहिरीत बुडून गेला. पट्टीचा पोहणारा होता. त्याचा मुलगा आता पोलीस भरतीसाठी पळतो, त्याच्याकडे बघूनही जीव धास्तावतो. काय करू?’

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, स्वतःच्या घाबरटपणाचा खुलासा म्हणून लिहिली आहे. तिच्याकडे येतेच. आधी मेहुण्यांचं बघू, कारण त्यांना घाई आहे.

ईसीजी दुसरीकडे पुन्हा काढायला काहीच हरकत नाही. छातीवरच्या तारा एखादी फासळी वर-खाली लागल्या तरी आलेख बदलतो, त्यामुळे फेरतपासणी शहाणपणाचीच आहे. पण मेहुण्यांना फेरतपासणी नको आहे, त्यांना हवा तसा कागद हवा आहे. समजा तो मिळाला. शिबिरात पुन्हा ईसीजी निघाला तर लहरी तिथेही उलट्याच असतील, आणि तेव्हा लहरींबरोबर तुमच्या लेकीच्या सचोटीवरही बोललं जाईल. शिवाय पहिला कागद फाडू नका म्हणते त्याला एक साधं कारण आहे. खेळाडूच्या हृदयाचा अंदाज बऱ्याचदा जुना आलेख आणि नवा आलेख शेजारी ठेवूनच येतो. तो कागद आयुष्यभर उपयोगी पडणारा आहे. प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा, आणि त्याची शाई उडते म्हणून झेरॉक्सही काढून ठेवा.

आता डॉक्टर विरुद्ध सर. दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणूनच तुमची पंचाईत झाली आहे. रोज लांब पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे विश्रांतीत त्याचं कमी ठोक्यांत भागतं. ४४ची नाडी एखाद्या साठीतल्या गृहस्थाची असती तर काळजी होती, पाच हजार मीटरवालीची असेल तर तो सरावाचा परिणाम समजायचा. खेळाडूंचं हृदय मोठं असतं हे काही आज कळलेलं नाही. १८९९ साली, ईसीजीचं यंत्र यायच्या आधी, स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून ते नोंदवून ठेवलं होतं. ‘कप्पा जाड’ हे तर यंत्राने लहरींच्या उंचीवरून बांधलेलं नुसतं अनुमान आहे, आणि सडपातळ, तरुण, सराव करणाऱ्यांत लहरी उंच येतातच. कागदावर ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापणाऱ्या यंत्राला समोर कोण झोपलंय हे ठाऊक नसतं.

खेळाडूंचे ईसीजी कसे वाचायचे याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ साली प्रसिद्ध झाले. संथ नाडी आणि निव्वळ उंच लहरी त्यांत सर्वसामान्य मानल्या आहेत, बाकी काही लक्षण किंवा घरचा इतिहास नसेल तर पुढे शोधाशोध करायची नाही. इथवर सर बरोबर. पण त्याच निकषांत व्ही-५, व्ही-६मधल्या उलट्या टी लहरी सरावाच्या खात्यावर टाकलेल्या नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलांत व्ही-१ ते व्ही-३मध्ये त्या उलट्या दिसल्या तर चालतं. तुमची मुलगी १९ची आहे आणि लहरी त्या बाजूच्या नाहीत. अशा आलेखामागे हृदयाच्या स्नायूचा आजार असू शकतो, म्हणून पुढची तपासणी हवीच. अनेकदा त्या तपासणीत काहीही सापडत नाही, हेही खरं. तर फिजिशियननी एको सांगितला आणि तोवर थांबायला सांगितलं, त्यात मला काही चूक दिसत नाही. ‘पळणं बंद’ हे शब्द तुम्ही कायमचे ऐकलेत. ते ‘एको होईपर्यंत’ होते. तुमच्याच पत्रात तसं लिहिलं आहे.

आता तुमच्या भावाबद्दल. घरात कुणालाही हृदयविकार नाही, असं तुम्ही लिहिता. हृदयविकार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर साठीतला, छातीत कळ येऊन गेलेला माणूस येतो, आपल्या सगळ्यांच्याच येतो. पस्तिशीपुढच्यांचं बहुतांशी तसंच असतं, रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतात. त्याआधीच्या वयात कारणं वेगळी असतात. स्नायू जन्मजात जाड होण्याचा कल, विद्युतप्रवाहातला दोष, महाधमनी कमकुवत असणं, हृदयाच्या रक्तवाहिनीची जागाच चुकलेली असणं. यांतले बरेच दोष रक्तात चालत येतात, आणि बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून फॉर्मवरच्या त्या प्रश्नाचा खरा अर्थ असा असतो की घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक, उलगडा न होता गेलं का. त्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचं बुडणं येतं, रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी झाडावर जाणंही येतं.

गावात अशा मरणाला पायात पेटका आला, दम कोंडला, विहिरीत भोवरा होता अशी ठरलेली उत्तरं असतात. खरोखर तसं झालेलंही असेल. पण विद्युतप्रवाहाच्या एका आनुवंशिक दोषात, ज्याला लाँग क्यूटी म्हणतात, झटका येण्याची नेहमीची जागा पोहणं ही आहे, आणि हा दोष शवविच्छेदनात दिसत नाही. तुमच्या भावाला नेमकं काय झालं हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण उलट्या टी लहरी आणि काकाचं तरुणपणी बुडणं या दोन गोष्टी एका डॉक्टरच्या टेबलावर एकत्र यायलाच हव्यात. आत्ता एक फिजिशियनकडे आहे आणि दुसरी फक्त तुमच्या मनात. तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, तो प्रश्नच आपल्याकडे नीट विचारला जात नाही. पण आता उत्तर दुरुस्त करा.

याचा दुसरा अर्थ असा की तपासणी एकट्या मुलीची नाही. तुमचा स्वतःचा ईसीजी आणि एको करून घ्या. पुतण्याचाही, आणि तो भरतीच्या मैदानात उतरायच्या आधी. मुलीला आनुवंशिक दोष निघालाच तर तो कुठून आला हे तुमच्या दोघांच्या तपासण्यांतून कळायला मदत होईल. भावजयीशी फोनवर नको, समोर बसून बोला. इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या मरणाचं कारण कदाचित वेगळं असेल असं ऐकणं सोपं नसतं.

अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४च्या ऑलिंपिकची रौप्यपदकविजेती होती. जानेवारी १९८६मध्ये जपानमधल्या मात्सुए इथे एका सामन्यात बाकावर बसलेली असताना ती कोसळली आणि गेली. वय ३१. उंच, सडपातळ, लांब हातांची. मार्फान नावाच्या आनुवंशिक दोषामुळे तिची महाधमनी फाटली होती आणि तो दोष कधी कुणी ओळखलाच नव्हता. तिच्यानंतर भावाची तपासणी केली, तर त्याचीही महाधमनी फुगलेली निघाली. त्याच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली.

मुलीपासून हे लपवू नका. ती १९ वर्षांची आहे, संमतीपत्रावर सही तिची लागते, आणि शरीरही तिचंच आहे. पण कायद्यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. जी माहिती डॉक्टरांना सगळ्यात जास्त हवी आहे ती फक्त तिच्याकडे आहे. हिवाळ्यातली चक्कर पळताना आली की रेषा ओलांडून थांबल्यावर? थांबल्यावर आली असेल तर बहुतेक वेळा ते पायांत रक्त साचल्याने होतं आणि फारसं गंभीर नसतं. पळता पळता, ऐन जोरात असताना डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर ती गोष्ट पूर्ण वेगळी. कधी छातीत धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबते का? दचकल्यावर, मोबाइलचा अलार्म वाजल्यावर घेरी आली आहे का? तापात, अंगदुखीत तशीच पळली का? (ही आपल्याकडची वाईट सवय. विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, त्या दिवसांत घाम गाळून ताप काढायचा नसतो.) ‘उपाशी होती’ हे तुमचं उत्तर झालं. तिला अजून कुणी विचारलेलंच नाही.

आणि ‘मशीन खराब होतं’ यावर तिचा विश्वास बसलाय असं मला वाटत नाही. या मुली स्वतःची नाडी रोज सकाळी मोजतात.

पुढच्या तीन आठवड्यांचं म्हणाल तर वेळ पुरेसा आहे, तो वादात घालवू नका. जोराचा सराव, शर्यती, चढावरच्या पळण्या आजपासून थांबवा. चालणं चालेल, पण तेही डॉक्टरांना विचारून. नाशिक, पुणे किंवा मुंबईतल्या अशा हृदयरोगतज्ज्ञाकडे जा ज्यांनी खेळाडू पाहिले आहेत. वेळ घेतानाच सांगा की मुलगी लांब पल्ल्याची धावपटू आहे, आठवड्याला इतके किलोमीटर पळते. हे माहीत नसलेला डॉक्टर सरावाने मोठं झालेलं हृदय आजारी ठरवू शकतो. उलट, खेळाडू आहे एवढं ऐकून आजाराकडे काणाडोळा करणाराही भेटतो. बरोबर मूळ ईसीजी न्या, भावाचं शवविच्छेदनाचं कागदपत्र असेल तर तेही. तालुक्यात एको करून मग शहरात पुन्हा करण्यापेक्षा थेट तिथेच केलेला बरा.

एकोमध्ये भिंतीची जाडी मोजतात. खेळाडू स्त्रियांत ती १२ मिलिमीटरच्या वर क्वचितच जाते. सरावाने मोठं झालेल्या हृदयात भिंतीबरोबर आतली जागाही वाढते, आजारात बहुधा जागा तेवढीच राहून भिंत जाड होते. एको साफ निघाला तरी या लहरींसाठी कार्डिअ‍ॅक एमआरआय सांगितला जाऊ शकतो. ‘डॉक्टर पैसे काढतायत’ असं तेव्हा म्हणू नका, एकोच्या नजरेतून हृदयाच्या टोकाकडची जाडी सुटू शकते. त्याशिवाय ट्रेडमिलवरची चाचणी, अंगावर बांधून २४ तास ईसीजी टिपणारं होल्टर, आणि ईसीजीवर क्यूटीसीचा आकडा, म्हणजे एका ठोक्यात हृदयाचा विद्युतप्रवाह सुरू होऊन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ; लाँग क्यूटीत तो लांबतो. तो यंत्राने छापला असेल तरी डॉक्टरांना हाताने मोजायला सांगा. स्त्री खेळाडूंत ४८० मिलिसेकंद किंवा वर असेल तर त्याचा माग काढतात.

यातून काय निघेल? कदाचित काहीच नाही. तेव्हा ती पळेल, पण दरवर्षी एको करत राहायचं, कारण कधी कधी लहरी आधी बदलतात आणि स्नायू नंतर. कदाचित दुरुस्त होणारा दोष निघेल. नायजेरियाचा फुटबॉलपटू नुआन्क्वो कानू १९९६चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकून इटलीत इंटर मिलानमध्ये गेला आणि क्लबच्या तपासणीत महाधमनीच्या झडपेत दोष सापडला. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी तो मैदानावर होता आणि नंतर कितीतरी वर्षं आर्सेनलकडून खेळला. ती तपासणी मेहुण्यांसारख्या कुणी ‘मॅनेज’ केली असती तर? कदाचित काठावरचं काही निघेल आणि डॉक्टर काही महिने सराव थांबवून हृदय लहान होतंय का ते बघू म्हणतील. खेळाडूला हे सगळ्यात अवघड जातं, कारण आजारही नाही आणि परवानगीही नाही.

आणि कदाचित खरोखर आजार निघेल. त्याबद्दलही आजची स्थिती वीस वर्षांपूर्वीसारखी नाही. तेव्हा निदान म्हणजे खेळाला पूर्णविराम असे. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात कोसळला, मैदानावरच त्याचं हृदय पुन्हा सुरू केलं गेलं. छातीत डिफिब्रिलेटर (हृदय बिघडलं की आतूनच विजेचा झटका देणारं यंत्र) बसवल्यावर, तो ज्या इटलीत खेळत होता तिथल्या नियमांनी त्याला खेळता येईना. इंग्लंडमध्ये आला, ब्रेंटफर्डकडून खेळला, आणि २०२४च्या युरोमध्ये त्याने गोलही केला. स्नायू जाड असलेल्या रुग्णांवरचा २०२३चा एक मोठा अभ्यास आहे. त्यात जोरदार व्यायाम करणाऱ्यांत मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त अनर्थ दिसले नाहीत. यावरून ‘पळू दे’ असा निष्कर्ष घरी काढू नका, ते रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखालचे होते. सांगायचं एवढंच की आता निर्णय डॉक्टर, खेळाडू आणि घरचे बसून घेतात. पण त्या बैठकीला खरा कागद लागतो.

नोकरीचं. खेळाडू कोटा शिबिराच्या यादीवर चालत नाही, स्पर्धांतल्या कामगिरीवर आणि प्रमाणपत्रांच्या पडताळणीवर चालतो. तिची आत्ताची पदकं कशात बसतात हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. कदाचित तुमची निम्मी धास्ती तिथेच उतरेल. शिबिराला आजच पत्र द्या की तपासणी सुरू आहे, अहवाल अमुक तारखेला देतो. वेळेआधी आलेलं असं पत्र आणि शिबिरात गेल्यावर उघडकीस आलेली लपवाछपवी यांत निवड समिती नक्कीच फरक करते.

हे वाचून इतर पालकांना वाटेल, मग सगळ्यांचेच ईसीजी काढायचे का? इटलीने १९८२पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ते सक्तीचे केले. तिथल्या व्हेनेतो प्रांतात खेळाडूंचे अचानक मृत्यू वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आल्याचं पाडुआच्या डॉक्टरांनी २००६मध्ये मांडलं. इस्रायलने १९९७मध्ये तसाच कायदा केला, तिथे फरक दिसला नाही. अमेरिकेतले हृदयतज्ज्ञ अजून चौदा मुद्द्यांची विचारपूस आणि अंगतपासणी यांवरच भर देतात. माझं मत विचाराल तर गल्लीत खेळणाऱ्या प्रत्येक पोराचा ईसीजी नको. वाचणारा माणूस नसेल तर त्यातून तुमच्या घरात झाला तसाच गोंधळ जास्त होतो. पण राज्य-राष्ट्रीय पातळीवर पोचलेल्यांचा एकदा तरी, खेळाडूंचे आलेख वाचता येणाऱ्याकडून व्हावा. घरच्या इतिहासाचे प्रश्न मात्र सगळ्यांना विचारा, आईला आणि आजीला बसवून. कोण कसं गेलं हे घरात त्यांनाच नीट माहीत असतं.

तुमच्या पत्रात आणखी एक समजूत दडलेली आहे, की नॉर्मल कागद आला म्हणजे सुटलो. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने वीस वर्षांत अकादमीतल्या ११,१६८ मुलामुलींची ईसीजी-एकोसकट तपासणी केली, सरासरी वय सोळा. ४२ जणांत जीवघेणा ठरू शकणारा दोष सापडला आणि त्यांतले बहुतेक उपचारांनंतर परत खेळू लागले. ही मोठी कमाई. पण पुढच्या वर्षांत हृदयामुळे जे ८ खेळाडू गेले त्यांतल्या ६ जणांची तपासणी निर्दोष होती. तपासणी आणि मृत्यू यांत सरासरी जवळपास सात वर्षांचं अंतर होतं. सोळाव्या वर्षीचं हृदय तेविसाव्या वर्षीचं सांगत नाही. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच कमी आहे, तेवढा दिलासा घ्या.

म्हणून शेवटचं काम सरांसाठी, आणि ते तुमच्या मुलीच्या रिपोर्टवर अवलंबून नाही. धक्का न लागता खेळाडू कोसळला तर हृदय थांबलं असंच धरायचं. हातपाय झटकत असेल तर आपल्याकडे फिट समजून चप्पल किंवा कांदा हुंगवतात, तोंडावर पाणी मारतात, आणि मिनिटं जातात. विजेचा झटका मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. जून २०२४मध्ये योग्याकार्ताला चीनचा १७ वर्षांचा बॅडमिंटनपटू झांग झिजिए सामन्यात कोसळला आणि गेला. मदत कोर्टवर पोचायला उशीर झाला, कारण पंचांच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही असा नियम होता. तुमच्या ट्रॅकवर नियम एवढाच ठेवा: एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, तिसऱ्याने एईडी (विजेचा झटका देणारं यंत्र) आणायचा. ते यंत्र बोलून सूचना देतं, डॉक्टर लागत नाही. सरांना आणि पाच-सहा मोठ्या मुलांना छातीवर दाब द्यायचं प्रशिक्षण एका दुपारात होतं, जवळच्या रुग्णालयाला विचारा. आणि मुलगी शिबिराला गेलीच, तर पहिल्या दिवशी तिला विचारायला सांगा की एईडी कुठे ठेवलाय आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते.